बहिणीला दुसरी मुलगी झाल्यापासून ती गप्प आहे. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा धोका कोणाला अधिक असतो?

बाळ दोन महिन्यांचे झाले तरी बहीण कोणाशी बोलत नाही आणि सासरची मंडळी 'बाळंतीण आहे, होते असे' म्हणतात, असे आपण लिहिले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, त्या नात्याने उत्तर देते.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, चिडचिड होणे बहुतेक बायांना अनुभवास येते आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. दोन महिने टिकलेली उदासी त्यातली नव्हे.

पूर्वी कधी, विशेषतः गरोदरपणात, नैराश्य येऊन गेले असेल तर धोका सर्वाधिक असतो, म्हणून बहिणीला त्या महिन्यांत झोप लागत होती का, जेवण जात होते का, हे आधी विचारावे. त्याखालोखाल नवऱ्याशी बेबनाव, मारहाण, पैशाची ओढाताण आणि हाताशी माणूस नसणे ही कारणे येतात. गोव्यातील बाळंतिणींचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला; त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य आढळले, आणि मारहाण किंवा उपासमार यांचा मनावर होणारा परिणाम बाळ मुलगा आहे की मुलगी यावरही अवलंबून असल्याचे दिसले. माझ्या मते घातक ठरते ते मुलगी जन्मणे नव्हे, तर त्यानंतर घराने धरलेला अबोला आणि तिसऱ्या खेपेची आतापासून सुरू झालेली चर्चा.

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, दुसरे मात्र अनेकदा सासरीच उरकले जाते. त्यातच कापसाची वेचणी आली की घरचे सगळे वावरात जातात आणि सव्वा महिना उलटलेल्या बाळंतिणीवर स्वयंपाक, मोठी मुलगी आणि तान्हे बाळ असा सगळा भार एकटीवर पडतो. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी ४२व्या दिवशी संपतात आणि पुढची ठरलेली भेट बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर असते. आपली बहीण नेमकी या मधल्या काळात आहे, त्यामुळे कोणी येऊन विचारील याची वाट पाहू नका.

रक्त कमी असणे आणि थायरॉईडचा बिघाड यांमुळेही असाच थकवा व उदासी येते, म्हणून दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे तिला एकांतात स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होय असेल, किंवा ती भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर तिला व बाळाला एकटे न सोडता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यावे. एरवी तेथील मनोविकार विभागात या आठवड्यात दाखवावे. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. औषध सुरू झाले तर अंगावरचे दूध तोडावे लागेल, ही भीती सासूबाई बोलून दाखवतील. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे आहेत, आणि ती डॉक्टरांनी पाहूनच ठरवायची असतात.