समुद्रातील पवनचक्क्यांमुळे देवमासे आणि पक्षी मरतात, हे खरे आहे का?

प्रश्नाखाली आपण लिहिले आहे की, गुजरातच्या किनाऱ्यापुढे असा प्रकल्प होणार असल्याचे वाचून आपण एका जाणकाराला विचारले, तेव्हा त्यांनी “परदेशात अशा चक्क्यांजवळ मेलेले पक्षी फारसे सापडत नाहीत” असे सांगून आपली समजूत घातली. मी हे उत्तर लिहीत आहे ते त्या एका वाक्यासाठी. याच अर्थाचे वाक्य मी बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याच्या तोंडून ऐकले होते आणि ते अजून सलते आहे.

देवमाशांचे आधी सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २०१६ पासून हंपबॅक देवमासे नेहमीपेक्षा जास्त मरत आहेत हे खरे आहे; परंतु ज्या मृतदेहांची तपासणी झाली, त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाच्या धडकेच्या किंवा मासेमारीच्या दोरांत अडकल्याच्या खुणा होत्या, आणि पवनचक्क्यांशी संबंध जोडणारा पुरावा तेथील सरकारी शास्त्रज्ञांना सापडलेला नाही. चक्की उभी करताना समुद्रतळात पोलादी खांब ठोकतात, त्या आवाजाने मात्र पॉरपॉइजसारखे (डॉल्फिनसारखे दिसणारे लहान) सागरी प्राणी कित्येक किलोमीटर दूर पळतात. म्हणूनच जर्मनीने खांबापासून ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा घातली आणि कंपन्यांना खांबाभोवती आवाज अडवणारा हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडणे भाग पडले. हा उपाय चालतो, त्यामुळे देवमाशांच्या नावाने चाललेला गदारोळ मला बराचसा राजकीय वाटतो.

पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे. मी नाशिकमध्ये विज्ञान शिकवत असे आणि रविवारी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी मोजत असे. या पाणथळीला २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून मान मिळाला, पण मी जात असे तेव्हा तेथे फारसे कोणी फिरकत नसे. पवनचक्क्यांच्या कंपनीत अभियंता असलेल्या माझ्या मेहुण्याच्या शब्दावरून एका सल्लागार संस्थेने मला धुळे जिल्ह्यातील एका पठारावर चक्क्यांखाली मेलेले पक्षी मोजण्याचे काम दिले. पंधरा दिवसांतून एकदा जायचे, ठरलेल्या चक्क्यांभोवती फेरी मारायची आणि जे दिसेल ते नोंदवायचे, अशी पद्धत होती. चार महिन्यांत मला एक घार, दोन पारवे आणि एक पिसांचा पुंजका सापडला. पठारावर सकाळी कुत्र्यांचे आणि कोल्ह्यांचे इतके माग दिसत की मला या आकड्यांचीच शंका येऊ लागली.

म्हणून मी सिन्नरजवळच्या एका पोल्ट्रीतून मर झालेली बारा पिल्ले बर्फाच्या खोक्यात घालून नेली, संध्याकाळी निरनिराळ्या चक्क्यांखाली ठेवली आणि त्या रात्री जवळच्याच गावात मुक्काम केला. सकाळी सात उरली होती, दुसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवशी दोन ठिकाणी थोडी पिसे सोडल्यास काहीही नव्हते. याचा अर्थ पंधरवड्याच्या फेरीत मी मेलेले पक्षी मोजतच नव्हतो, कोल्ह्यांनी उष्टे टाकलेले मोजत होतो. नाहीशा झालेल्या मृतदेहांचा हिशेब धरून आकडा वाढवून घेणे ही जगभर रूढ असलेली रीत आहे, तीच वापरावी असे मी सविस्तर लिहून दिले. छापील अहवालात तो परिच्छेद नव्हता. “पक्षिहानी नगण्य” एवढेच शब्द होते. दिवाळीच्या फराळाला मेहुण्यासमोर हा विषय काढला, तेव्हा तो चकली मोडत म्हणाला, “दाजी, मेलेला पक्षी दाखवा, मग बोलू.”

समुद्रात तर दाखवायला काहीच उरत नाही. पाण्यात पडलेला पक्षी लाट नेते किंवा मासा खातो. म्हणून तेथे रडार, पात्यांकडे रोखलेले कॅमेरे आणि विमानातून केलेली गणना यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि तीही चक्की उभी राहण्यापूर्वी सुरू झालेली असावी लागते. शिवाय जो पक्षी मरत नाही पण जागा सोडून जातो, तो मृतदेहांच्या मोजणीत कधीच येत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले, आणि त्यांचा धाक उरला नाही म्हणून तेथे सरडे वाढले. त्या सरड्याच्या वंशाचे शास्त्रीय नावच ‘सरडा’ या आपल्या शब्दावरून ठेवलेले आहे, हे जाता जाता सांगतो. उत्तर समुद्रातही लाल गळ्याचे डायव्हर पक्षी चक्क्यांपासून कित्येक किलोमीटर दूर राहतात, असे आढळले आहे.

आपल्याकडे समुद्रात अजून एकही चक्की उभी नाही. केंद्राने २०२४ मध्ये गुजरात आणि तमिळनाडू मिळून १,००० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातेतील जागा पिपावावजवळ खंबातच्या आखातात आहे. पक्ष्यांचा प्रश्न येथेही आहे, कारण नागालँडहून आफ्रिकेला जाणारे अमूर ससाणे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर झेप घेतात. चक्क्या नकोत असे मी म्हणत नाही. कोळशाच्या राखेपेक्षा मला त्या शंभरदा चालतील. पण उभारणीआधीच्या किमान दोन वर्षांच्या, रात्रीच्याही, नोंदी खुल्या केल्याशिवाय “नगण्य” हा शब्द कोणी छापू नये. आपल्या जाणकाराला एवढेच विचारावे की मोजणी कशाने केली आणि किती दिवसांच्या अंतराने.

एक कबुली द्यायला हवी. पोल्ट्रीच्या मेलेल्या पिल्लांचा वास अधिक सुटतो, त्यामुळे ती घारीपेक्षा लवकर उचलली गेली असतील, असा आक्षेप मेहुण्याने पुढच्या वर्षी घेतला आणि तो बरोबर होता. मी पुढच्या हंगामात मेलेल्या कबुतरांवर तोच प्रयोग करणार होतो, परंतु तोपर्यंत ते काम दुसऱ्या कोणाला देण्यात आले होते.