अंतिम सामन्यातले प्रेक्षक कुणाच्या बाजूचे?

(टेनिसच्या ग्रँडस्लॅम स्पर्धांमधील अंतिम सामने आणि तेथील प्रेक्षकांची वागणूक या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : २०१९ च्या विम्बल्डनमध्ये नोव्हाक जोकोव्हिच जिंकला, तरी सेंटर कोर्टवरचे जवळजवळ सगळे प्रेक्षक अखेरपर्यंत रॉजर फेडररच्याच नावाचा गजर करत होते. एवढ्या थोर खेळाडूविषयी इतका आकस कशासाठी? तो पूर्व युरोपातला आहे म्हणून तर नव्हे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आकसापेक्षा त्या दिवशी प्रेक्षकांच्या मनात धास्ती अधिक होती, असे माझे मत आहे. १४ जुलै २०१९ रोजी हा सामना झाला, तेव्हा फेडररला अडतिसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता, आणि आठ वेळा ही स्पर्धा जिंकलेल्या या खेळाडूला पुन्हा अशी संधी मिळेल याची खात्री तिथे बसलेल्या कुणालाच देता आली नसती. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी, सर्व्हिस स्वतःची आणि गुण ४०-१५, म्हणजे हातात दोन मॅचपॉइंट (दोनपैकी एक गुण मिळाला की सामना खिशात), अशा अवस्थेत तो पोहोचला होता. पहिल्या मॅचपॉइंटवर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोव्हिचने तिरकस फोरहँड मारून चेंडू त्याच्या आवाक्याबाहेर काढला. हातातोंडाशी आलेला घास गेला तो गेलाच. संपूर्ण सामन्यात फेडररने २१८ आणि जोकोव्हिचने २०४ गुण मिळवले, पण बरोबरीत अडकलेल्या सेटचा निकाल लावणारे तिन्ही टायब्रेक जोकोव्हिचने जिंकले आणि ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा हा सामना ४ तास ५७ मिनिटांनी त्याच्या नावावर जमा झाला. (आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू झालेला हा सामना संपता संपता मध्यरात्र जवळ आली होती. त्याच संध्याकाळी लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना सुपर ओव्हरपर्यंत ताणला गेला होता, त्यामुळे रिमोट कुणाच्या हाती राहावा हा त्या रात्री अनेक घरांत वादाचा विषय झाला.) प्रेक्षक ‘रॉजर, रॉजर’ असे ओरडत असताना आपण ते ‘नोव्हाक, नोव्हाक’ असे आहे, असे मनाला बजावत होतो, हे जोकोव्हिचने नंतर सांगितले.

आता पूर्व युरोपाचा मुद्दा. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन ओपनमध्ये याच दोघांची गाठ पडली होती. पावसामुळे तो अंतिम सामना तीन तासांहून अधिक उशिरा सुरू झाला आणि भारतात जागून वाट पाहणाऱ्यांना सोमवारची पहाट उजाडलेली पाहावी लागली. त्या रात्री जोकोव्हिचची पहिली सर्व्हिस चुकली तरी टाळ्यांचा कडकडाट होत होता. नावडतीचे मीठ अळणी, ही म्हण सर्वांत चपखल बसेल असा टेनिसचा सामना निवडायचा झाल्यास मी हाच निवडीन. आणि तरीही सहा वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्याच आर्थर अ‍ॅश स्टेडियममधले प्रेक्षक त्याच जोकोव्हिचसाठी घसा कोरडा करून ओरडत होते. त्या वर्षीच्या आधीच्या तिन्ही ग्रँडस्लॅम स्पर्धा त्याने जिंकल्या होत्या. एकाच वर्षात चारही जिंकण्याचा पराक्रम पुरुषांमध्ये १९६९ नंतर कुणालाही जमला नव्हता आणि १९६९ मध्ये तो करणारा रॉड लेव्हर स्वतः स्टेडियममध्ये उपस्थित होता. डॅनिल मेदवेदेव ६-४, ६-४, ६-४ असा सरळ जिंकला, पण तिसऱ्या सेटमध्ये ५-२ वर त्याला मॅचपॉइंट मिळताच पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हिसच्या मधल्या वेळात प्रेक्षकांनी असा काही गिल्ला केला की त्याने दुहेरी चूक केली. पुढे ५-४ वर बाजू बदलताना जोकोव्हिच टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडला. न्यूयॉर्कमध्ये आपल्यावर असे प्रेम यापूर्वी कधी झाले नव्हते, अशी भावना त्याने बक्षीस समारंभात व्यक्त केली. त्याचा देश बदलला नव्हता आणि स्वभावही फारसा बदलला नव्हता. हातून काही मोठे निसटण्याची पाळी या वेळी त्याच्यावर आली होती, एवढाच काय तो फरक होता. अंतिम सामन्यातला तटस्थ प्रेक्षक बहुधा एका खेळाडूच्या विरुद्ध नसतो, तो सामना संपण्याच्या विरुद्ध असतो, आणि सामना लवकर संपवू पाहणारा खेळाडू त्याला आपोआप नकोसा होतो.

प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर टाळी वाजवणे मात्र मला कोणत्याही कारणाने पटत नाही. आपल्या आवडत्या खेळाडूने कमावलेल्या गुणासाठी ओरडावे. दुसऱ्याचा चेंडू जाळीत गेला म्हणून नाचू नये.

प्रश्न : सर्व्हिस होत असताना आवाज करणाऱ्या प्रेक्षकांना शिक्षा का होत नाही? — एक वाचक, ठाणे

उत्तर : खेळाडूला दंड करण्याचे अधिकार पंचाकडे असतात, प्रेक्षकाला तो केवळ शांत राहण्याची विनंती करू शकतो. फारच झाले तर संयोजक एखाद्याला बाहेर काढतात. विम्बल्डन २०२५ मध्ये खेळाडू सर्व्हिस करत असताना शँपेनच्या बाटल्यांची बुचे उडवू नका, असे पंचांना जाहीरपणे सांगावे लागले होते, आणि तरीही यानिक सिनर व कार्लोस अल्कराझ यांच्या अंतिम सामन्यात सिनर सर्व्हिस करण्याच्या बेतात असताना एक बूच थेट गवतावर येऊन पडले. हे फक्त इथेच घडू शकते, असे म्हणून सिनरने तो प्रसंग हसण्यावारी नेला. शिस्त हळूहळू सैल होत आहे हेही खरे. ऑस्ट्रेलियन ओपनने २०२४ पासून प्रेक्षकांना बाजू बदलण्याची वाट न पाहता दोन गेमच्या मधल्या वेळात जागेवर जाण्याची मुभा दिली, तेव्हा अनेक खेळाडू नाराज झाले होते.

प्रश्न : २०१८ च्या अमेरिकन ओपनमध्ये नाओमी ओसाका जिंकली आणि बक्षीस समारंभात तिच्यासमोर हुर्यो उडाली. विजेतीला रडताना पाहून मला अतिशय वाईट वाटले. यात चूक कोणाची? प्रेक्षकांनी इतके निष्ठुर व्हावे का? — एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : चूक अनेकांची होती आणि ओसाकाची मात्र मुळीच नव्हती. ८ सप्टेंबर २०१८ च्या त्या सामन्यात पंच कार्लोस रामोस यांनी ओसाकाची प्रतिस्पर्धी सेरेना विल्यम्स हिला प्रथम प्रशिक्षकाकडून खुणेने सल्ला घेतल्याबद्दल ताकीद दिली. नंतर तिने रॅकेट आपटून मोडली, तेव्हा एका गुणाचा दंड झाला. पुढे तिने पंचांना चोर म्हटले, तेव्हा पूर्ण एक गेम गेला आणि ३-४ असा अटीतटीला आलेला दुसरा सेट एकदम ३-५ झाला. ओसाकाने सामना ६-२, ६-४ असा जिंकला. आपण खुणा करत होतो, हे सेरेनाच्या प्रशिक्षकाने त्याच दिवशी टीव्हीवर कबूल केले. प्रशिक्षकाने बाहेरून असा सल्ला देणे आता नियमाने मान्य झाले आहे, हा काळाचा महिमा.

प्रेक्षकांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पंच आणि खेळाडू यांच्यातले बोलणे घरी बसलेल्या आपल्याला मायक्रोफोनमुळे शब्दन् शब्द ऐकू येते. तेवीस हजारांहून अधिक माणसे मावणाऱ्या त्या स्टेडियमच्या वरच्या रांगांत बसलेल्याला फक्त हातवारे दिसतात आणि फलकावरचा आकडा अचानक बदललेला दिसतो. त्यांचा राग पंचावर आणि संयोजकांवर होता. परंतु पंच समारंभाला समोर नव्हते. समोर उभी होती ती वीस वर्षांची, पहिलेच ग्रँडस्लॅम आणि जपानसाठीही एकेरीतले पहिलेच विजेतेपद मिळवणारी मुलगी. तिने टोपीची झडप डोळ्यांवर ओढून घेतली. शेवटी सेरेनानेच प्रेक्षकांना आवरले आणि हा क्षण नाओमीचा आहे, तिला मान द्या, अशा अर्थाचे आवाहन केले. सामना असा संपला याबद्दल दिलगीर आहे, असे ओसाकाला म्हणावे लागले. जिंकणाऱ्या खेळाडूने माफी मागावी अशी वेळ आणणाऱ्या प्रेक्षकांना गैरसमजाचा फायदा किती द्यायचा, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते तो फार देता येत नाही.

याहूनही कठोर प्रसंग मला पॅरिसचा वाटतो. १९९९ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात अठरा वर्षांची मार्टिना हिंगिस स्टेफी ग्राफविरुद्ध एक सेट आणि दुसऱ्या सेटमध्ये २-० अशी पुढे होती. आपला चेंडू बाहेर दिल्याचा निर्णय तिला मान्य झाला नाही आणि लाल मातीवर उमटलेली खूण पाहायला ती जाळी ओलांडून थेट ग्राफच्या बाजूला गेली. हे नियमात बसत नाही. तिला एका गुणाचा दंड झाला. तिथून पुढे प्रेक्षकांनी तिला एक क्षणही स्वस्थ खेळू दिले नाही. ५-४ वर सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत असूनही तो सेट तिच्या हातून गेला, आणि तिसऱ्या सेटमध्ये मॅचपॉइंट वाचवताना तिने खांद्याखालून हळू सर्व्हिस टाकली, तेव्हा शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतले गेले. ४-६, ७-५, ६-२ असा पराभव झाल्यावर ती रडत आत निघून गेली आणि आईच्या आधाराने बक्षीस समारंभासाठी परत आली. ग्राफचे ते बाविसावे आणि शेवटचे ग्रँडस्लॅम विजेतेपद. प्रेक्षकांना तिचा निरोप घ्यायचा होता आणि हिंगिस वाटेत उभी होती, शिवाय वागण्यात उद्धट होती. अठराव्या वर्षी अनेकजण असतात.

आपल्याकडच्या वाचकांना हिंगिस आठवते ती बहुधा वेगळ्या कारणाने. २०१५ च्या विम्बल्डनमध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत तिने सानिया मिर्झासह महिला दुहेरीचे आणि लिअँडर पेससह मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले. २०१६ मध्ये तर त्याच पॅरिसमध्ये पेस आणि हिंगिस यांनी मिश्र दुहेरीचा अंतिम सामना जिंकला आणि समोरच्या बाजूला इव्हान डोडिगच्या साथीने सानियाच होती, त्यामुळे भारतीय चाहत्यांनी नेमके कुणासाठी ओरडायचे हा पेच पडला.

प्रश्न : विम्बल्डनचे प्रेक्षक इतके शिष्ट का असतात? फुटबॉलसारखी मजा तिथे कधीच येत नाही का? — एक वाचक, लंडन (मूळ गाव सातारा)

उत्तर : तुम्ही त्याच शहरात राहता, तेव्हा रांगेची प्रथा तुम्हाला ठाऊक असेलच. पहाटेपासून, किंवा आदल्या रात्रीपासून, तंबू ठोकून रांग लावणाऱ्यांना सेंटर कोर्टची काही तिकिटे दररोज मिळतात. परंतु शेवटच्या चार दिवसांसाठी ती मिळत नाहीत. त्यामुळे अंतिम सामन्याला जे बसतात ते सोडतीत नंबर लागलेले, डिबेंचरधारक (मोठी रक्कम भरून काही वर्षांसाठी जागा राखून ठेवणारे), क्लबांचे सभासद आणि कंपन्यांचे पाहुणे. रांगेतला हौशी माणूस फार तर बाहेरच्या टेकडीवर, मोठ्या पडद्यासमोर असतो, आणि खरा कल्लोळ तिथेच होतो.

अपवाद एक आहे आणि तो फार रंगतदार आहे. २००१ मध्ये पावसामुळे पुरुषांचा अंतिम सामना सोमवारी, ९ जुलैला ढकलावा लागला आणि सुमारे दहा हजार तिकिटे त्याच दिवशी, जो आधी येईल त्याला, अशी विकली गेली. गोरान इव्हानिसेविच तेव्हा जागतिक क्रमवारीत १२५ वा होता, वाइल्ड कार्डवर, म्हणजे संयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, आला होता आणि यापूर्वी तीन अंतिम सामने हरला होता. समोर ऑस्ट्रेलियाचा पॅट रॅफ्टर, जो आदल्याच वर्षी अंतिम फेरीत हरलेला. एका बाजूला लाल-पांढऱ्या चौकटींचे क्रोएशियन शर्ट, दुसऱ्या बाजूला पिवळे-हिरवे ऑस्ट्रेलियन, आणि मध्ये दोघांवरही जीव टाकणारे इंग्रज. गोरानने मॅचपॉइंट घालवले, हात जोडले, चेंडूचे मुके घेतले आणि अखेर ९-७ असा पाचवा सेट जिंकला. कोल्हापूरच्या वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की क्रोएशियाच्या या खेळाडूवर लंडनने मनापासून प्रेम केले.

प्रश्न : विम्बल्डन २०२५ चा महिलांचा अंतिम सामना तासाभरातच संपला. एकही गेम न जिंकलेल्या खेळाडूला प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या दिल्या, ही निव्वळ दया नव्हे का? खेळाडूला ती अपमानास्पद वाटत नसेल का? — एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : दया होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. इगा श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० असे हरवायला ५७ मिनिटे घेतली. विम्बल्डनच्या महिलांच्या अंतिम सामन्यात असा निकाल १९११ नंतर प्रथमच लागला. पहिल्या सेटनंतर प्रेक्षक अनिसिमोव्हाच्या प्रत्येक गुणावर गरजेपेक्षा मोठ्याने ओरडू लागले होते. त्यामागे तिच्याविषयीची कणव होती तशीच निदान एक गेम तरी पाहायला मिळावा ही सर्वसाधारण इच्छाही होती, कारण एवढ्या महाग तिकिटावर कुणीही तासाभराचे एकतर्फी टेनिस पाहायला येत नाही. श्वियाँतेकचे गवतावरचे हे पहिलेच मोठे विजेतेपद होते आणि तिचा खेळ निर्दोष होता. तिच्या वाट्याला आलेले कौतुक त्या कणवेपुढे थोडे झाकोळले गेले, हे मला खटकले.

पण समारंभातल्या टाळ्या निराळ्या होत्या. अनिसिमोव्हाने मानसिक थकव्यामुळे २०२३ मध्ये काही महिने टेनिसपासून विश्रांती घेतली होती; त्यानंतर ती परतली आणि याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तिने अव्वल मानांकित आर्यना साबालेंकाला हरवले होते. त्या दिवशी सकाळीच विमानाने आलेल्या आईचे आभार मानताना तिला हुंदका आवरला नाही, आणि प्रेक्षकांनी ती बोलू लागेपर्यंत टाळ्या थांबू दिल्या नाहीत. तिला ते अपमानास्पद वाटल्याचे तिच्या बोलण्यातून तरी जाणवले नाही. दोन महिन्यांच्या आत अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत तिने श्वियाँतेकला ६-४, ६-३ असे हरवून ती परतफेड केली आणि पुढे अंतिम फेरीही गाठली. तिथे साबालेंकाकडून ६-३, ७-६ अशी हार पत्करावी लागली, परंतु त्या दिवशी आर्थर अ‍ॅश स्टेडियम आपल्या देशाच्या खेळाडूमागे होते आणि दुसरा सेट टायब्रेकपर्यंत गेला, तेव्हा त्या आवाजात दयेचा अंशही नव्हता.