निवटी आपली पूर्वज का?

प्रश्न : मे महिन्यात मुलांना घेऊन गावी अलिबागजवळ गेलो होतो, ओहोटीला खाडीच्या चिखलात निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. मुलगा म्हणे, बाबा हा मासा पाण्याबाहेर मरत कसा नाही? आणि व्हिडिओत दाखवतात ना, मासे जमिनीवर आले आणि मग त्यांचेच प्राणी झाले, तो मासा हाच का? मला काय सांगता येईना, आमच्या घरी निवटी म्हणजे फक्त कालवण!
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पोरगं हुशार आहे हो. पण नाही, निवटी तुमची पणजी नाही, फार फार तर लांबची चुलत.

आधी मरत का नाही ते बघू. निवटी कल्ल्यांच्या पिशवीत पाणी धरून बाहेर येते, शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही हवेतला ऑक्सिजन घेते, पण अट एकच, अंग ओलं पाहिजे, म्हणून ती सारखी चिखलात लोळते. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे, आणि सुकायला लागले की खाली ओल्या खोबणीत ओढून घेते, पुढच्या वेळी जरा टक लावून बघा, डोळा मिचकावल्यासारखा वाटतो. पुढचे दोन पर कुबड्यांसारखे टेकवून चालते. आणि सगळ्यात भारी म्हणजे बीळ! चिखलातल्या बिळात ऑक्सिजन जवळपास नसतोच, मग अंडी जगणार कशी? जपानमधल्या एका जातीत मासा तोंडात हवा भरून खाली नेतो आणि अंड्यांच्या कप्प्यात सोडतो, परत वर, परत घोट, परत खाली. आता सांगा, कालवण करवेल का? (मला करवतं.)

पूर्वजाचं म्हणाल तर कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समेअर बेटावर 2004 मध्ये टिक्टालिक नावाच्या एका प्राचीन माशाचे जीवाश्म सापडले, वय साधारण 37.5 कोटी वर्षं. खवले आणि पर माशाचे, पण मान वळवता येणारी, डोकं चपटं, डोळे वर, आणि परांच्या आत खांदा, कोपर, मनगटाची आठवण करून देणारी हाडं. आपले हातपाय अशा जाड मांसल पराच्या माशांकडून आलेत. निवटीचे पर मात्र पातळ काड्यांचे, ती गोबी माशांच्या कुळातली, त्या शाखेला पाय कधी फुटलेच नाहीत. दोघांचा पेच सारखा, उथळ पाणी आणि काठ, म्हणून डोळे दोघांचेही वरच आले, आतली हाडं मात्र ज्याची त्याची.

प्रश्न : खाऱ्या चिखलात झाडं कशी जगतात? आपल्या कुंडीत चिमूटभर मीठ पडलं तरी रोप मान टाकतं.
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : तिवराचं बघा. बरंचसं मीठ मुळंच अडवतात, आणि जे आत शिरतं ते पानांवरच्या बारीक ग्रंथी बाहेर टाकतात. चिखलात हवा नाही म्हणून मुळांची टोकं पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात, त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते, म्हणून चिखलात उतरलात तर त्यांच्यावर पाय देऊ नका, झाडाचं नाक आहे ते. कांदळ तर आईच्या अंगावरच बी रुजवतो, शेंगेसारखं लांब रोप तयार होऊन मगच खाली पडतं.

पाऊस नसताना दुपारी तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागेल.