हिमबिबट्या बघायला ग्रुप घेऊन जाताय? आधी हे वाचा

प्रश्न: दादा, मी नाशिकला ट्रेकिंग ग्रुप चालवतो, सह्याद्रीत भरपूर लोकं फिरवलीत पण बर्फात कधीच नाही. येत्या फेब्रुवारीत लडाखच्या हेमिस नॅशनल पार्कमधे दहा जणांना न्यायचंय, त्यात दोघं साठीच्या पुढचे. हिमबिबट्या दिसेलच असं लोकांना सांगू का? आणि लीडर म्हणून नक्की काय काय सांभाळायचं?

उत्तर: दिसेलच असं अजिबात सांगू नका, आणि हे पैसे घ्यायच्या आधी सांगा, तिथे गेल्यावर नको. जागा आणि महिना मात्र बरोबर निवडलाय. २०१९ ते २०२३ च्या गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे निघाले, त्यातले ४७७ एकट्या लडाखमधे, आणि हिवाळ्यात भरल (डोंगरातल्या रानमेंढ्या, बिबट्याची मुख्य शिकार) खाली उतरतात म्हणून त्यांच्या मागे बिबट्याही खाली येतो, शिवाय जानेवारी ते मार्च हिमबिबट्यांचा जोडीचा काळ.

तुमचं पहिलं काम बिबट्या नाही, उंची आहे. विमानातून उतरलं की माणूस थेट ३५०० मीटरच्या लेहमधे, आणि पुढे पार्कमधलं रुंबक गाव साधारण ४००० वर. त्यामुळे लेहमधे किमान दोन पूर्ण दिवस नुसता आराम, शांती स्तूपाच्या पायऱ्या पहिल्या दिवशी नाहीत म्हणजे नाहीत, माणूस कितीही फिट असो. रोज सकाळ संध्याकाळ एकेकाला बाजूला घेऊन विचारा, डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, झोप लागली का, कारण सगळ्यांसमोर विचारलं की "मी एकदम ओके" हेच उत्तर येतं. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर त्याला वर न्यायचं नाही, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली. साठीच्या दोघांना निघायच्या आधी डॉक्टरकडे पाठवाच, डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीचंही डॉक्टरांनाच विचारायचं.

दुसरं म्हणजे गावातला स्पॉटर म्हणेल ते ऐकायचं. तो पहाटेपासून समोरचा कडा दुर्बिणीतून इंच इंच बघत असतो आणि बिबट्याच्या आधी भरलांकडे लक्ष ठेवतो, चरणारा अख्खा कळप मान वर करून एकाच दिशेला बघायला लागला की समजायचं काहीतरी आहे. मग जो गोंधळ होतो तो तुम्ही आवरायचा. स्कोपसमोर, म्हणजे ट्रायपॉडवरच्या मोठ्या दुर्बिणीसमोर, लाईन लावा, पहिल्या फेरीत प्रत्येकाला फक्त दहा-पंधरा सेकंद, ट्रायपॉडला हात लावायचा नाही आणि आयपीसवर (डोळा लावायच्या काचेवर) श्वास सोडायचा नाही, क्षणात त्यावर बर्फ धरतो आणि मागच्याला काहीच दिसत नाही. प्राणी बऱ्याचदा अर्धा-एक किलोमीटर लांब असतो, खडकावर खडकासारखाच, शेपटी हलली तरच कळतो. "अजून जवळ जाऊया ना" असं कोणीतरी म्हणतंच, तिथे ठाम नाही म्हणा, भर थंडीत त्याला शिकारीवरून उठवून आपल्याला फोटो नकोय.

बाकी उभं राहून राहूनच लोकं गारठतात, चालताना नाही, म्हणून थर्मलवर थर, दोन जोड हातमोजे आणि थर्मासमधे गरम पाणी. रात्री उणे वीसपर्यंत जातं, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमधे घेऊन झोपायचं. बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटवून दारंखिडक्या बंद करून कोणी झोपणार नाही हे स्वतः बघा, कार्बन मोनॉक्साईडने माणसं मरतात. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, दोघातिघांकडे तरी पोस्टपेड हवं.

आणि रहायचं होमस्टेमधेच, हा माझा आग्रह आहे. बिबट्या गोठ्यात शिरला की एका रात्रीत घरातल्या कितीतरी मेंढ्या मारतो, पूर्वी लोकं त्याला मारून टाकायची. आता पाहुण्यांचे पैसे घरात येतात म्हणून तेच लोक त्याला जपतात, तेव्हा तिथे भाव करत बसू नका आणि कोरडा संडास, गोठलेले नळ याबद्दल ग्रुपला नाशिकमधेच सांगून ठेवा.