नदी बघायला रात्री उठणाऱ्या मावशी

“पूर येऊन दोन वर्षं झाली, तरी पत्र्यावर पाऊस वाजला की छातीत धडधडतं. झोप उडते ती उडतेच. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय का?”

मी समुपदेशनाचं काम करते. वळीव पडायला लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे कधी चिपळूणचे असतात, कधी सांगलीच्या गावभागातले, आणि सगळ्यांत जास्त आमच्या शिरोळ तालुक्यातले. उत्तर म्हणून एका मावशींची हकिकत सांगते. त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

२०२३ चा मे महिना. त्यांना सून घेऊन आली होती आणि तक्रारही तिचीच होती. “आत्ती रात्री दोन-दोनदा उठून बॅटरी घेऊन नदीवर जात्यात. पाऊस नसला तरी.” मावशी खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या, मांडीवर रेक्झिनची पिशवी. त्यात सातबारा, रेशनकार्ड, पासबुकं, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. लग्नाला गेल्या तरी पिशवी सोबत असते म्हणे.

शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चार नद्यांचं पाणी येतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच फुगलेली असली की तिचं पाणी मागं तुंबतं. कोल्हापुरातले रस्ते उघडे पडले तरी आमच्याकडे ते घराघरांत उभंच असतं. मावशींच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मारलेल्या तीन रेघा आहेत: २००५, २०१९, २०२१. त्या शेवटच्या वर्षी जुलैत कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी आहे ४३. अशा बाईला ‘भीती मनातून काढून टाका’ म्हणणं सोपं आहे. मनातून काढतीलही एखाद वेळेस, पण गावाशेजारून नदी कुठं काढून टाकणार?

तरी मी पहिल्या भेटीत जवळपास तेच केलं. श्वासाचा व्यायाम शिकवला, मोबाइलवरचे पुराचे व्हिडिओ बघू नका म्हटलं, रात्री नदीवर जाणं बंद करायला सांगितलं. पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या आणखी ओढलेल्या चेहऱ्यानं. “श्वास घेतो की मी. पण पाणी आलं तर बघायचं कुणी?” (आमच्याकडे बायका ‘मी घेतो, मी जातो’ असंच बोलतात.)

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी तोवर विचारायलाच हवं होतं ते विचारलं. रात्री नदीवर जाऊन तुम्ही नेमकं काय बघता?

मावशी एकदम सरळ बसल्या. घाटाची तिसरी पायरी बुडली की राधानगरी धरणाचं पाणी पोचलं समजायचं. पाणी पाराला लागलं की खालच्या आळीतले गोठे गेले. ओढ्यावरच्या मोरीवरनं पाणी वाहायला लागलं की गाडीरस्ता तुटला, मग बोट येईल तेव्हाच बाहेर. हे सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. मला समोर गावाचा पाणीमापक बसलाय असं वाटलं, आणि तो बंद पाडायला निघाल्याची लाजही वाटली.

म्हशीचं त्याच दिवशी निघालं. मी खोदून काढलं नाही. पुरात काय झालं ते सगळं सांगा, मन मोकळं करा, असा आग्रह मी कुणालाच करत नाही. ज्याला सांगायचं तो वेळ आली की सांगतो. २०२१ ला दोन जनावरं वर नेली, तिसरी गाभण म्हैस गोठ्यात राहिली. त्या दावं सोडायला गेल्या तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. पाण्यात गाठ आवळलेली, सुटेना. मुलानं त्यांना ओढत बाहेर काढलं. “सोडली असती तर पवली असती वो. म्हस पाण्याला भीत न्हाई.”

यावर ‘तुमचा काय दोष’ असं म्हणायचा मोह फार होतो. गावानं, पाहुण्यांनी ते शंभरदा म्हणून झालं होतं. मी विचारलं, आता जनावरं कशानं बांधता? म्हणाल्या, “त्याच गाठीनं.”

पुढच्या भेटीला मुलालाही बोलावलं. टेबलावर एक चौकोनी कागद घेतला आणि मावशींच्या खुणा त्यांच्याच शब्दांत लिहिल्या. तिसरी पायरी बुडली की वैरण आणि पिशवी माळावरच्या बहिणीकडे. पाणी पाराच्या अलीकडे असतानाच जनावरं आणि मावशींच्या सासूबाई. मोरी बुडायच्या आत सगळे, कुणी मागं थांबायचं नाही. इथं मुलगा कुरकुरला, घर राखायला एकानं राहावंच लागतं म्हणाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली होती आणि माणसं गेली होती. मावशींनी नुसतं गावाचं नाव घेतलं. मुलगा गप्प झाला.

मोबाइल बंद नाही केला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा प्रशासनाची पाणीपातळी आणि राधानगरीच्या दरवाजांची बातमी बघायची, एवढंच ठरलं. दर पावसाळ्यात २०१९ चेच व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात, ते सुनेनं आधी गाळायचे. रात्रीच्या पाळ्या लावल्या. नदी बघायला मुलगा आणि पुतण्या आलटून पालटून जाणार, मावशींची पाळी फक्त पहाटेची. माझ्या मते औषधापेक्षा जास्त गुण याच एका गोष्टीनं आला. दुसरं कुणी जागं आहे याची खात्री झाल्याशिवाय झोपेला तरी धीर कसा येणार?

औषधही दिलं होतं, हे लपवत नाही. दोन वर्षं धड न झोपलेल्या माणसाला नुसत्या गप्पांवर ठेवणं बरोबर नव्हतं, म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही महिने गोळ्या चालल्या आणि डॉक्टरांनीच त्या हळूहळू कमी केल्या.

पावसाळ्याच्या तोंडावर धडधडणं, पूर ओसरल्यावर काही आठवडे झोप बिघडणं, चिखलाच्या नाहीतर भिजलेल्या वाकळेच्या वासानं पोटात कालवणं याला मी वेड म्हणत नाही. पण कोरड्या डिसेंबरातही भीती तशीच राहिली, जेवण तुटलं, घरातला कुणी त्यापायी रोज प्यायला लागला, तर वाट बघू नका. ‘जगून काय करायचं’ असं कुणी बोललं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो रात्रंदिवस आणि फुकट चालतो, मराठीतही बोलता येतं.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा ४३ फूट ओलांडले. मी दोन दिवस मावशींच्या फोनची वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर करायला मीच घाबरत होते. तिसऱ्या दिवशी तो आला, बहिणीच्या गावातून. मागं जनावरांचा आवाज. पाणी पाराच्या अलीकडे असतानाच सगळे निघाले होते. आळीतल्या आठ-दहा घरांना त्यांनी एका हिसक्यात सुटणारी गाठ शिकवली होती, आणि ज्याला जमली नाही त्याचा नावानिशी उद्धार चालला होता.

झोपेचं विचारलं.

“रात्री एकदा उठलो,” म्हणाल्या, “म्हशीला वैरण टाकायला.”