गावाकडे नवीन घर बांधून राहिलो, बाहेरून कॅमेरे कोणते घ्यावे आणि कसे लावावे?

भाऊ, तुमच्या प्रश्नात सगळ्यात कामाची ओळ शेवटी आली आहे: प्लास्टर अजून व्हायचं आहे. घर यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला, गावाच्या कडेला. आईबाबा दोघंच राहणार, तुम्ही पुण्याला. मागे ढोरांचा कोठा, बाजूला कापूस भरायची खोली, फाटक घरापासून चाळीसेक मीटरवर. आणि चार वायफाय कॅमेरे ऑनलाइन मागवायचा विचार. ते आत्ता मागवू नका. कॅमेरा पुढच्या वर्षीही बदलता येतो, पण भिंतीतला पाइप आता राहिला तर राहिलाच. मी याच भागात लाइट फिटिंग आणि कॅमेऱ्यांची कामं करतो, म्हणून आधी पाइपाचंच सांगतो.

बाहेरून जिथे जिथे कॅमेरा लागू शकतो, तिथून घरातल्या एका जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकून घ्या. आज चारच कॅमेरे लावायचे असले तरी पाइप सहा-सात जागी टाका. प्रत्येकात ओढायला तार सोडून ठेवायला सांगा आणि तोंडं चिंधीने बंद करून घ्या, नाहीतर प्लास्टरवाला ती मसाल्याने बुजवून मोकळा होतो. लाइटच्या वायरीच्या पाइपातून कॅमेऱ्याची वायर नेऊ देऊ नका. गड्याला ते सोपं पडते, पण २३० व्होल्ट शेजारून गेले की चित्रात पट्टे येतात, आणि वायर कुठे सोलली गेली तर धोका वेगळाच. फाटकाकडे आणि कोठ्याकडे जाणारा पाइप अंगणात काँक्रीट पडायच्या आधी जमिनीतून न्या.

आता वायफाय. वायफाय कॅमेऱ्यालाही लाइटची वायर लागतेच, वाचते ती फक्त डेटाची. नऊ इंची भिंत आणि स्लॅब ओलांडून फाटकापर्यंत सिग्नल पोचत नाही, पोचला तर पावसाळ्यात कधी आहे कधी नाही. रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कॅमेऱ्यातल्याच कार्डावर असते, म्हणजे कॅमेरा उचलून नेला की पुरावाही गेला. भाड्याच्या खोलीला किंवा दुकानाच्या आत तो ठीक आहे. बांधत्या घराला वायरचाच घ्या.

वायरचे दोन प्रकार. जुना, डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि ‘तीन अधिक एक’ केबलवाला, ज्यात चित्राची आणि विजेची तार वेगवेगळी असते. आणि नवीन, आयपी कॅमेरा, ज्यात एकाच नेटवर्क केबलमधून चित्रही येते आणि वीजही जाते. दुसऱ्याला पीओई म्हणतात. डीव्हीआरवाला स्वस्त पडतो आणि तालुक्याला कोणीही दुरुस्त करून देते. पण तुमचं फाटक लांब आहे, आणि तिथेच त्याची एक खोड दिसते. त्या कॅमेऱ्याला १२ व्होल्ट लागतात. बारीक वायरीतून लांब जाताजाता व्होल्टेज पडते. दिवसभर कॅमेरा छान चालतो, अंधार पडून इन्फ्रारेडचे (कॅमेऱ्याला रात्री दिसावं म्हणून असलेले) दिवे लागले की भार वाढतो आणि तो बंद-चालू, बंद-चालू होत बसतो. लोक म्हणतात कॅमेरा खराब आहे. कॅमेरा चांगलाच असतो. पीओईत वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, त्यामुळे तेवढ्या अंतरात फरक पडत नाही. मर्यादा १०० मीटरची आहे, तुम्ही तिच्या बरेच आत आहात. म्हणून तुम्हाला मी आयपीच सांगेन. फक्त केबल निव्वळ तांब्याची आहे ना, ते पाहून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात भरपूर भेटते. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते. तसली वीज नेण्याच्या कामाची नाही.

कॅमेरे किती, याचं उत्तर घराला कोपरे किती यावर ठरवू नका, जरी बहुतेक ठिकाणी तसंच लावून देतात. आधी ठरवा की कुठे माणूस नुसता दिसला तरी चालेल आणि कुठे त्याचा चेहरा ओळखू आलाच पाहिजे. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर चित्रात एका मीटरला साधारण २५० पिक्सेल (ज्यांनी चित्र बनते ते बारीक ठिपके) पडावे लागतात, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे चौकटीची रुंदी साडेसात मीटरपेक्षा जास्त झाली की चेहरा गेला. २.८ मिलिमीटरची लेन्स इतकं रुंद दाखवते की ही हद्द तीनेक मीटरवरच संपते. अख्खं अंगण दिसते, पाहायला मस्त वाटते, पण फाटकातून आत आलेला माणूस म्हणजे एक ठिपका. ६ मिलिमीटरची लेन्स अरुंद पाहते आणि तीच ओळख सात-आठ मीटरपर्यंत टिकवते. म्हणून फाटकाच्या खांबाजवळ ६ मिलिमीटरचा, दरवाज्यासमोर ओसरीत २.८ चा, कापसाच्या खोलीच्या दाराकडे एक आणि मागे कोठ्याकडे एक. तुमचे चार इथेच पुरतात. आठ मेगापिक्सेलच्या जाहिरातीपेक्षा योग्य लेन्स जास्त काम करते. गाडीच्या नंबर प्लेटची आशा मात्र ठेवू नका. रात्री हेडलाइट समोर आला की साध्या कॅमेऱ्याला प्लेट वाचता येत नाही, त्याला वेगळा कॅमेरा लागतो.

उंची नऊ-दहा फूट ठेवा. त्याहून वर गेला तर टोपी, दुपट्टा आणि डोक्याचा मध्य एवढंच दिसते. खूप खाली असला तर हात पुरतो. आपल्याकडे दार बहुतेक पूर्वेला, मग कॅमेराही पूर्वेला तोंड करून बसतो आणि सकाळी तासभर समोरचा माणूस काळा पडतो. तिथे खऱ्या डब्ल्यूडीआरचा (मागून उजेड असला तरी चेहरा दाखवणारा) कॅमेरा घ्या, डब्यावर १२० डीबी असं लिहिलेलं असते. नुसतं डिजिटल डब्ल्यूडीआर लिहिलं असेल तर त्याने विशेष फरक पडत नाही. आणि सज्ज्याच्या खाली अगदी चिकटून लावला, तर इन्फ्रारेडचा उजेड पांढऱ्या सज्ज्यावरून परत लेन्समध्ये येतो, रात्रीचं चित्र धुकट होते. जरासा पुढे काढून लावायला सांगा.

ऊन. मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ ही हवेची उष्णता झाली, पश्चिमेच्या भिंतीवरची वेगळी. कॅमेऱ्याच्या डब्यावर बहुतेक ६० अंशांपर्यंत चालतो असं असते, पण दुपारभर थेट उन्हात त्याच्या आत काय होते ते वर्षा-दोन वर्षांनी कळते. पश्चिमेला लावायचाच असेल तर सज्ज्याच्या सावलीत लावा. बॉडी धातूची घ्या, आयपी ६७ दर्जाची (हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, आयपी कॅमेऱ्यातल्या आयपीशी याचा संबंध नाही). कॅमेऱ्याच्या मागे जोडणीसाठी चार इंची पीव्हीसी बॉक्स बसवायला लावा, त्याचे पैसे वाचवू नका. जोड उघडा राहिला तर पहिल्याच पावसात गंजतो. वायर बॉक्समध्ये खालून वर जावी, म्हणजे पाणी तिच्यावरून आत उतरत नाही. सगळी छिद्रं सिलिकॉनने बंद करा. मुंग्या, पाली आणि मातीची घरं करणाऱ्या माशा यांना हा बॉक्स फार आवडतो.

वानरांचं तर तुम्हाला सांगायला नको. लटकती वायर दिसली की ते झोका घेतात. म्हणून तर पाइप. पुढे आलेल्या लांब कॅमेऱ्यापेक्षा छताला चिकटलेला घुमटाकार कॅमेरा त्यांच्या हाती कमी लागतो, ओसरीत तोच लावा. कोळी मात्र दोन्हीवर जाळी करतात. रात्री इन्फ्रारेडमध्ये ते जाळं पांढरं चमकते आणि हवेने हललं की मोबाइलवर सूचना येत बसतात. आठवड्यातून एकदा झाडू फिरवा, यावर दुसरा उपाय नाही. सूचनांसाठी ‘फक्त माणूस’ ही सेटिंग असते, ती लावून घ्या. नाहीतर कडुनिंबाची फांदी, कुत्री आणि बाबांची गाय, या सगळ्यांची खबर तुम्हाला पुण्याला रात्रभर येईल, आणि मग तुम्ही सूचनाच बंद करून टाकाल.

लाइट आणि आभाळातली वीज. चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून पन्नास वॅटच्या आसपास लागतात, छताच्या एका साध्या पंख्याहून कमी. तेव्हा हे सगळं घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, राउटर विसरू नका. लाइन गेली आणि राउटर बंद पडला तर रेकॉर्डिंग चालू राहील, पण तुम्हाला पुण्यात काही दिसणार नाही. व्होल्टेज कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. आभाळातल्या विजेचा विषय याहून गंभीर आहे. मान्सूनच्या आधीच्या वादळांत फाटकापर्यंत गेलेली तांब्याची केबल वीज घरात आणण्याचा रस्ता होते. वीज खांबावरच पडावी लागते असं नाही, जवळ कुठे पडली तरी झटका येतो. घराची अर्थिंग खड्डा करून, पत्रा किंवा रॉड पुरून, नीट करून घ्या. काही वायरमन न्यूट्रलच अर्थिंगला जोडून देतात. ते चालवून घेऊ नका, ते जिवावर बेतते. फाटकाच्या केबलला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (अचानक आलेला झटका अडवणारा) लावा आणि तो अर्थिंगला जोडलाच आहे ना हे पाहा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप बाबांच्या मोबाइलवर टाकून द्या. जवळ वीज दाखवली की रेकॉर्डरचा प्लग आणि फाटकाची केबल दोन्ही काढायला शिकवा. नुसता प्लग काढून भागत नाही.

रेकॉर्डर कापसाच्या खोलीत ठेवू नका. जागा मोकळी दिसते म्हणून लोक ठेवतात. रुई पंख्यात बसते, डबा तापतो, आणि शेजारी कापूस. आतल्या खोलीत, कपाटात, पण मागून हवा खेळेल असा ठेवा. समोरच्या बैठकीत टीव्हीखाली चमकत ठेवलेला रेकॉर्डर चोर आधी उचलतो.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिटने लिहीत असेल तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी होतात, चारांचे ८६. म्हणजे एक टीबीत अकरा-बारा दिवस. एच.२६५ (चित्रण कमी जागेत बसवायची पद्धत) लावून दर एक मेगाबिटवर आणला तर तेवीसेक दिवस. तुम्ही दिवाळीला आणि उन्हाळ्यात येणार, मधल्या काळातलं काही पाहायचं असू शकते, म्हणून दोन टीबी घ्या. डिस्क कॅमेऱ्यासाठीची असते तीच मागा. संगणकातली साधी डिस्क चोवीस तास लिहायला बनवलेली नसते. काही घडलं तर त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, नंतर वरून नवीन लिहिलं जाते. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी सेटिंग ठेवा. चित्रणावरची वेळच चुकीची असली तर तपासात अडचण येते. ते कोर्टात न्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. पोलीस सांगतात, पण मूळ डिस्क तोवर पुसू नका.

कंपनी कोणती, हे तुम्ही सगळ्यात आधी विचारलं आणि मी मुद्दाम मागे ठेवलं. सरकारने कॅमेऱ्यांच्या सुरक्षेचे नियम कडक केले आहेत. ९ एप्रिल २०२५ पासून त्या नियमांप्रमाणे तपासणी झालेले कॅमेरेच विकता येतात. दुकानदाराला मॉडेलचा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक विचारा आणि पक्कं बिल घ्या. पडून असलेला जुना माल स्वस्तात काढणारे आहेत, त्यात पडू नका. बाकी ज्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र यवतमाळला किंवा अमरावतीला आहे, ती चांगली.

बसवून झाल्यावर एक काम स्वतः करा. ॲपमध्ये मालक म्हणून तुमचं खातं असलं पाहिजे, बसवणाऱ्याचं नाही. पुष्कळ घरांत तो आपल्याच मोबाइलवरून सुरू करून देतो, घरच्यांना नुसतं पाहण्यापुरतं जोडतो आणि निघून जातो. मग वर्षानुवर्षं तुमचं अंगण त्याच्या मोबाइलमध्ये. आमच्या धंद्यातलीच गोष्ट आहे म्हणून सांगतो: त्याच्यासमोर पासवर्ड बदला, त्याला राग येऊ द्या.

मागच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांची न्हाणी किंवा मागचं अंगण येत असेल तर तेवढा भाग सेटिंगमधून काळा करता येतो. तो करा आणि त्यांना बोलावून दाखवा. बाईमाणसाचं खासगी चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि गुन्हा नसला तरी धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणात आणखी एक भर कशाला.

वावरातल्या मोटारीची केबल चोरीला जाते म्हणून तिथेही सोलर कॅमेरा लावू का, असं विचारलंय. लावा, पण त्याच्याकडून अपेक्षा कमी ठेवा. तो सतत रेकॉर्ड करत नाही. अंगाची उष्णता हलली की सेन्सर त्याला जागा करतो. उन्हाळ्यात जमीन आणि माणूस सारखेच तापलेले असले की सेन्सरला फरक कळत नाही, आणि श्रावणात ढगांमुळे बॅटरी भरत नाही. तिथे वायफाय नसते, म्हणून त्यात मोबाइलचं सिम लागते; ते घेण्याआधी विहिरीपाशी उभं राहून कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहा. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, वीसेक अंश कलता.

खर्च. चार आयपी कॅमेरे, रेकॉर्डर, दोन टीबी डिस्क, केबल आणि मजुरी धरून २५ ते ३५ हजार हाताशी ठेवा. डीव्हीआरवाला यापेक्षा सात-आठ हजारांनी कमी पडेल. पाइपाचा खर्च यात किरकोळ आहे.

आणखी एक पाइप बैठकीतल्या टीव्हीपर्यंत टाका, एचडीएमआय केबलसाठी. बाबांना मोबाइलचं ॲप जमो न जमो, रात्री फाटक वाजलं की टीव्ही लावून कोण आहे ते बाहेर न जाता पाहता येईल. घराचा नकाशा आणि फाटकाची दिशा इथे टाकली तर पाइप कुठून न्यायचे ते खुणा करून देतो.