टेबलाच्या कडेला : वाचकांचे प्रश्न, मार्करकाकांची उत्तरं

पुण्यातल्या एका क्लबाच्या बिलियर्ड्स रूममध्ये मी ३१ वर्षं मार्कर होतो. स्कोअर लावणं, टेबल ब्रश करणं, कापडाला इस्त्री करणं आणि नव्या पोरांना क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरायला शिकवणं, हे माझं काम. मे २०२५ मध्ये व्यावसायिक स्नूकरचा २०२४-२५ चा हंगाम संपला आणि त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही घेतो.

काका, माझा मुलगा अकरावीत आहे. कॉलेज सुटलं की स्नूकर पार्लरमध्ये जातो. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना त्याने मध्यरात्र उलटेपर्यंत मोबाईलवर पाहिला आणि आता म्हणतो, मला हेच करायचंय. विजेत्याला पाच लाख पौंड मिळाले म्हणे. हे खरं आहे का? मी त्याला अडवू की जाऊ देऊ? (एक आई, नाशिक)

ताई, आकडा खरा आहे. पाच लाख पौंड म्हणजे साडेपाच कोटी रुपयांहून जास्त. पण तुमच्या मुलाने पाहिली ती वर्षाची शेवटची रात्र. त्याला आधीचे अकरा महिनेही दाखवा.

२०२४-२५ चा हंगाम सुरू झाला जूनमध्ये, इंग्लंडमधल्या लेस्टरला, जवळजवळ प्रेक्षकांविना. मग ऑगस्टमध्ये चीनमधलं शिआन, तिथून सौदीतलं रियाध, ऑक्टोबरमध्ये वुहान आणि बेलफास्ट, नोव्हेंबरमध्ये नानजिंग, महिनाअखेर यॉर्क. डिसेंबरात एडिनबरा, जानेवारीत लंडन, मग बर्लिन, वेल्समधलं लँडुडनो, पुन्हा चीन, हाँगकाँग, टेलफर्ड, मँचेस्टर. शेवटी एप्रिलमध्ये जागतिक स्पर्धेसाठी शेफील्ड. यातल्या काही स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या आणखी वेगळ्या गावात, वेगळ्या तारखांना. क्रिकेटपटूला मंडळाचा करार असतो, विमानाचं तिकीट कोणीतरी काढून देतं. इथे तसं काही नाही. तिकीट, हॉटेल, जेवण, सगळं खेळाडूचं स्वतःचं. पहिल्या फेरीत हरला की बऱ्याचदा हातात काहीच पडत नाही, आणि परतीचं तिकीट तर काढावंच लागतं.

क्रमवारी कशी लागते ते सांगतो, कारण सगळ्या धंद्याचा कणा तोच आहे. २०१४ पासून क्रमवारीचे गुण म्हणजेच जिंकलेले पौंड. मागच्या दोन वर्षांत मानांकन स्पर्धांत, म्हणजे क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत, जेवढे कमावले, तेवढे गुण. नवीन स्पर्धा झाली की दोन वर्षांपूर्वीच्या त्याच स्पर्धेची कमाई यादीतून गळते. म्हणून एखादा खेळाडू सामना जिंकूनही खाली घसरतो, कारण दोन वर्षांपूर्वी तिथे तो उपांत्य फेरीत पोचला होता आणि या वेळी दुसऱ्याच फेरीत हरला. दौऱ्यावर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या या मालिकेत, साधारण १२८ खेळाडू असतात. हंगाम संपताना पहिले ६४ राहतात. बाकीच्यांतल्या ज्यांच्या कार्डाची, म्हणजे दौऱ्यावर खेळायच्या परवान्याची, दोन वर्षं पुरी झाली, त्यांना आपली जागा पुन्हा मिळवावी लागते.

खालच्या खेळाडूंचे हाल पाहून २०२२ मध्ये वर्षाला २०,००० पौंडांची हमी सुरू झाली. साधारण साडेबावीस लाख रुपये. ही उचल असते, पुढे मिळणाऱ्या बक्षिसातून वळती होते. ऐकायला मोठी रक्कम आहे, पण इंग्लंडात खोली, क्लबात टेबलाचं भाडं आणि वर लिहिलेली गावं धरा, मग सांगा किती उरतात.

आमच्या क्लबातला एक मुलगा दौऱ्याचं कार्ड मिळवायला क्यू स्कूल या पात्रता स्पर्धेला गेला होता. तिथे सात फ्रेम्सचे, म्हणजे सात डावांचे सामने असतात. चार जिंकल्या की पुढे, नाहीतर बाहेर. तो ३-१ ने पुढे होता आणि ३-४ ने हरला. परत आल्यावर पहिल्या दिवशी काही बोलला नाही. क्यू पेटीतून काढला, टिप पाहिली, परत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, मी दार उघडतोय तेवढ्यात, येऊन उभा. आज तो मुलांना शिकवतो आणि फार छान शिकवतो.

आता तुमच्या मुलाचं. त्याला अडवू नका, पण एक परीक्षा घ्या. पार्लरमध्ये मित्रांबरोबर चार तास कोणीही खेळतो. त्याला सांगा, एकट्याने दोन तास लाईन-अप कर. सगळे लाल चेंडू टेबलाच्या मधल्या रेषेत लावायचे, रंगीत आपापल्या जागी, आणि एक लाल, एक रंगीत असं साफ करत जायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. समोर कोणी नाही, टाळ्या नाहीत, पैज नाही. हे तो महिनाभर रोज कंटाळा न करता करत असेल, तर राज्य संघटनेच्या ज्युनियर स्पर्धेला त्याचं नाव घाला आणि बारावी मात्र पुरी करायला लावा. नाही केलं, तर खेळ त्याला आवडतो एवढंच आहे, आणि त्यातही काही वाईट नाही.

२०२५ चा विश्वविजेता झाओ शिनटाँग हौशी खेळाडू होता असं वाचलं. मग तो व्यावसायिकांमध्ये आला कसा? आणि ज्याच्यावर सामना-निश्चितीच्या (मॅच फिक्सिंगच्या) प्रकरणात बंदी होती, त्याला खेळूच का दिलं? (एक विद्यार्थी, सांगली)

'हौशी' शब्दाने फसू नका. झाओ नवखा नव्हता. २०२१ ची यूके चॅम्पियनशिप आणि २०२२ ची जर्मन मास्टर्स त्याने जिंकली होती. बर्लिनमधला तो अंतिम सामना तर ९-० असा एकतर्फी. नंतर २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर कारवाई झाली. दोघांवर आजन्म बंदी आली. झाओने स्वतः सामना मुद्दाम हरल्याचा आरोप नव्हता. दुसऱ्या खेळाडूच्या निश्चितीत त्याचा सहभाग होता आणि त्याने सामन्यांवर पैजा लावल्या होत्या. त्याने ते कबूल केलं आणि त्याला २० महिन्यांची बंदी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती संपली तेव्हा दौऱ्याचं कार्ड गेलेलं होतं, म्हणून कागदावर हौशी.

मग तो तळापासून आला. शेफील्डला आधी पात्रतेचे चार सामने, त्यानंतर मुख्य स्पर्धेचे पाच. उपांत्य फेरीत रॉनी ओ'सलिव्हनला १७-७, अंतिम फेरीत मार्क विल्यम्सला १८-१२. विल्यम्स ५० वर्षांचा, अंतिम फेरी गाठणारा सर्वांत वयस्क खेळाडू. झाओ १७-८ ने पुढे असताना या माणसाने सलग चार फ्रेम्स घेतल्या. एकच फ्रेम कमी पडत असताना झाओला खुर्चीत बसून ते बघावं लागलं. ५ मे रोजी तो पहिला चिनी विश्वविजेता झाला.

खेळू द्यावं का? या प्रश्नाने मला झोप लागली नव्हती, म्हणून मनापासून लिहितो. आमच्या खेळात फाऊल झाला तर खेळाडूने स्वतः सांगायचं असतं. बाहीचा काठ चेंडूला हलका लागला, पंचाला दिसला नाही, समोरच्याला दिसला नाही, तरी खेळणारा हात वर करतो आणि मी समोरच्याला चार गुण लावतो. तरुण पोरांनी, स्वतः हरत असताना, असा हात वर केलेला मी कित्येकदा पाहिलाय. ज्या खेळाचा विश्वास इतका बारीक धाग्यावर आहे, तिथे निकाल विकणाऱ्याला पुन्हा दारात घेऊ नये, म्हणून त्या दोन आजन्म बंद्या मला योग्यच वाटतात. पण झाओचा गुन्हा वेगळा होता, वय कमी होतं, त्याने कबुली दिली आणि शिक्षा पूर्ण भोगली. परत येऊन वशिल्याने नाही, पात्रतेच्या रांगेत उभा राहून आला. तो जिंकला तेव्हा मला आनंद झाला, आणि तो मी लपवत नाही.

टेबलावर चेंडू शिल्लक असतानाच खेळाडू हात मिळवून फ्रेम का सोडतात? (एक आजोबा, सातारा)

आजोबा, हिशेब करून. समजा, एक लाल आणि सगळे रंगीत उरलेत. लालचा एक, त्यासोबत काळ्याचे सात, मग सहा रंगीतांचे २७. जास्तीत जास्त ३५. समोरचा ५० ने पुढे असेल, तर नुसते चेंडू खिशात घालून भरपाई होत नाही, त्याच्याकडून फाऊल काढावे लागतात. तेवढी आशा नसली की खेळाडू फ्रेम सोडतो.

मी शेफील्डला नोकरी करते. यंदा क्रूसिबलमध्ये पहिल्या फेरीचा सामना पाहिला. इतकं छोटं सभागृह, आणि मध्ये पडदा लावून दोन टेबलं! जगातली सर्वांत मोठी स्पर्धा इथे का? (एक वाचक, शेफील्ड, मूळची कोल्हापूरची)

बाळ, तू तिथे बसलीस याचा मला किती हेवा वाटला, काय सांगू! ते मुळात नाटकाचं थिएटर आहे, साधारण ९८० खुर्च्यांचं. १९७७ पासून जागतिक स्पर्धा तिथेच होते. उपांत्य फेरीपर्यंत मधला आडोसा राहतो, मग तो उचलतात आणि एकच टेबल उरतं. दोन टेबलं असताना खेळाडूला क्यू मागे घ्यायलाही जपून उभं राहावं लागतं, आणि पलीकडून टाळ्या येतात त्या आपल्या नसतात. एकदा का ते एकच टेबल झालं की तिथली शांतता टीव्हीवरूनसुद्धा वेगळी ऐकू येते.

आणि सामने लांब. पहिली फेरी १० फ्रेम्स जिंकण्याची, पुढच्या दोन १३ च्या, उपांत्य १७ ची, अंतिम १८ ची. अंतिम सामना दोन दिवस, चार सत्रं. सगळी स्पर्धा १७ दिवस. आणखी एक गोष्ट: तिथे पहिल्यांदा विजेता झालेल्या कोणालाही पुढच्या वर्षी ते पद राखता आलेलं नाही. २०२४ चा विजेता कायरन विल्सन २०२५ मध्ये पहिल्याच फेरीत लेई पेइफानकडून ९-१० ने हरला. शापबिप मी मानत नाही. वर्षभर प्रत्येक जण विजेत्याशी जीव लावून खेळतो आणि तो थकून तिथे पोचतो, एवढंच कारण मला दिसतं. पुढच्या एप्रिलमध्ये जमलं तर झाओच्या पहिल्या सामन्याचं तिकीट काढ.

दहा मिनिटांत संपणारी शूट आउट स्पर्धा तुम्हाला आवडते का? (एक वाचक, पणजी)

पाहायला आवडते. एकच फ्रेम, पहिली पाच मिनिटं फटक्याला १५ सेकंद, नंतर १०. पोरं आरडाओरडा करतात, मजा येते. पण तिथले पैसे मानांकनात धरतात हे मला पटत नाही. ज्या यादीवर ६४ वा टिकतो आणि ६५ वा घरी जातो, ती घड्याळाच्या खेळावर ठरू नये.

या दौऱ्यावर आपला मराठी मुलखातला कोणी आहे का? (एक वाचक, ठाणे)

आहे की. मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ मध्ये क्यू स्कूलमधून दौऱ्यावर आला. त्याच्या आधी मुंबईचाच आदित्य मेहता. २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनची त्याने अंतिम फेरी गाठली. मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय, तिथे डिंग जुनहुईकडून ०-५ ने हरला. पुढच्याच वर्षी जर्मनीत त्याने १४७ चा पूर्ण ब्रेक केला, म्हणजे एकाच खेपेत सगळे चेंडू घालून मिळणारे सर्वाधिक गुण. मानेच्या दुखण्याने त्याची चांगली वर्षं खाल्ली, नाहीतर आज हे उत्तर मोठं झालं असतं. पंकज अडवाणीचा जन्म पुण्याचा, वाढला बंगळुरूत. तो २०१२ ते २०१४ दौऱ्यावर होता, मग कार्ड सोडून परतला. बिलियर्ड्स आणि स्नूकरमधली त्याची जागतिक विजेतेपदं २०२४ अखेर २८ झाली होती.

मार्च २०१५ मध्ये इंडियन ओपन मुंबईत झाली, तेव्हा मी पुण्याहून पहाटेच्या गाडीने गेलो होतो. अंतिम सामन्यात मायकेल व्हाईटने रिकी वॉल्डनला ५-० ने हरवलं. पण माझी नजर आधी टेबलावर. सामन्याआधी एक गोरा माणूस एकटाच कापडावर काम करत होता. बॉक रेषेकडून, म्हणजे डाव सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या चेंडूच्या जागेकडे ब्रश, मग त्याच दिशेने इस्त्री, कुठेही उलटा हात नाही. एका पट्ट्यानंतर तो वाकून दिव्याच्या उजेडात लव पाहायचा, तळहाताची मागची बाजू कापडावरून फिरवायचा, मग पुढचा पट्टा. मी ३१ वर्षं हेच करत आलो, अगदी याच क्रमाने. मी दोरीच्या या बाजूला उभा होतो. त्याने वर पाहिलं, मी हाताने इस्त्री फिरवून दाखवली. तो हसला आणि इस्त्री तशीच हातात धरून मला मान लववली.